धकाते सरांची पदकं

धकाते सर वर्गात आले की आधी दाराला वीट लावत. शाळेच्या व्हरांड्यात त्यासाठी एक वीट कायम ठेवलेली असे. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून असेल, असं मला सुरुवातीला वाटलं. मी तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या त्या शाळेत मराठी शिकवायला नवीनच लागले होते. साल सहासष्ट असेल. एप्रिलात झळा सुरू झाल्या की आम्ही सगळे वर्गाची दारं-खिडक्या लावून, अंधार करून शिकवायचो. सरांचा भूगोल मात्र सताड उघड्या दारात चाले. गरम वाऱ्यानं भिंतीवरचा नकाशा फडफडायचा, पोरं कुरकुरायची. सर म्हणायचे, "ऊन आत येते तं येऊ द्या. आपल्याले बाहेर जाता आलं पायजे."

बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. पांढरा पायजमा, वर अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मान किंचित डावीकडे कललेली. उजवीकडे बघायचं असलं की त्यांना सगळं अंगच वळवावं लागे. त्यामुळे ते कुणाशीही बोलताना पूर्ण समोर येऊन उभे राहत आणि समोरच्याला उगाच आपण फार महत्त्वाचं काही सांगतोय असं वाटे.

ते दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानावर नॅव्हिगेटर होते, ही गोष्ट शाळेत सगळ्यांना ठाऊक होती, पण कुणालाच नीट ठाऊक नव्हती. आमचा शिपाई दौलत नव्या माणसाला सांगायचा, "धकाते सर नेव्हीत होते." सर त्याला कधी दुरुस्त करत नसत. मी एकदा सरळ विचारलं तेव्हा म्हणाले, "विमानात पायलट चालवते. नॅव्हिगेटर सांगते कुठं हाओ अन् कुठं जाचं हाय. बस, एवढंच काम."

हे त्यांच्या हाडात शिरलं होतं. फळ्यावर नकाशा काढला की पोराला पहिला प्रश्न हाच असायचा, "तू आत्ता कुठं उभा हायेस ते दाखव. दिल्ली मंग." शिक्षकांच्या बैठकीत दोघं हातघाईवर आले की सर हळूच म्हणत, "आधी आपण कुठं हाओ ते पाहू गा." या एका वाक्यानं बरीच भांडणं निवलेली मी पाहिली आहेत.

पहिल्याच वर्षी एक प्रसंग घडला. शाळेत नकाशे आणि पृथ्वीचे गोल ठेवायची एक बिनखिडकीची खोली होती. एका शनिवारी सर आत काहीतरी शोधत होते आणि दौलतनं बाहेरून कडी घालून कुलूप लावलं. आत कुणी आहे हे त्याला दिसलंच नाही. शाळा सुटली. मी वह्या तपासत मागे राहिले होते. व्हरांड्यातून जाताना मला दारावर फार हलका, एकसारखा आवाज आला. कुणी आतून तळहातानं थोपटत होतं. दौलत फाटकाशीच होता, त्याला बोलावून कुलूप काढलं.

सर दाराला टेकून खाली बसलेले होते. शर्ट पाण्यातून काढल्यासारखा ओला. चेहरा राखेसारखा. त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आधी व्हरांड्यात आले, तिथून मैदानात गेले आणि मैदानाच्या मधोमध उभे राहिले. दौलत रडकुंडीला आला होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून सर म्हणाले, "तुही चूक नाही."

मी विचारलं, "सर, तुम्ही ओरडलात का नाही?"

"ओरडून फायदा नसते, बाई," ते म्हणाले. "हवा सरते."



त्यांचं घर शाळेपासून जवळच, महालातल्या एका गल्लीत होतं. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत अशी गल्ली, आणि मध्येच तिला एक काटकोनी वळण, डोक्याएवढ्या कुंपणभिंतींमधून. ज्या माणसाला बंद दार सोसत नव्हतं, तो युद्धाची वर्षं सोडली तर जन्मभर त्या गल्लीत राहिला. घर विणकरांचं. पुढच्या खोलीत हातमाग, त्याच्यामागे दोन खोल्या आणि इवलंसं अंगण. सर बारा महिने अंगणात खाट टाकून झोपत. पावसाळ्यात वर ताडपत्री, डिसेंबरात दोन गोधड्या. लग्न केलं नाही. "माह्यासंगं अंगणात कोण झोपंल?" म्हणून हसत.

घरात त्यांचे थोरले भाऊ महादेवजी आणि वहिनी अनसूयाबाई. त्यांना मूलबाळ नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनींनी मला बोलावलं, तेव्हा मी त्या घरात पहिल्यांदा गेले. महादेवजी मागावर होते. एक पाय ताठ, बाजूला काठी. मला पाहून ते धोटा थांबवून बायकोला म्हणाले, "त्याले म्हण, बाई आल्या, खुर्ची दे."

सर चार हातांवर उभे होते. ते म्हणाले, "वहिनी, त्यायले सांगा, खुर्ची ठेवली हाय."

"त्याले म्हण, ती हलते."

"सांगा, दुसरी नाही."

वहिनी वाण देत होत्या. त्यांनी ना इकडचं तिकडं सांगितलं, ना तिकडचं इकडं. नुसती मान एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला केली. दोघांचं बोलणं त्यांच्या अंगावरून जात होतं आणि त्यांना तोंड उघडायची गरजसुद्धा उरली नव्हती.

स्वयंपाकघरात मी दबकत विचारलं. त्या तिळाच्या वड्या पुड्यात बांधता बांधता म्हणाल्या, "युद्धावरून आले तईपासून असंच हाय. वीस वर्सं झाली. मी या दोघायची तार हावो."

मग त्यांनी सांगितलं. धाकटे दीर सायन्स कॉलेजात शिकत होते. हवाई दलाची भरती निघाली आणि कुणाला न विचारता नाव देऊन आले. थोरला चळवळीत. त्यानं एवढंच विचारलं, काहून? धाकटा म्हणाला, मले उडाचं होतं. देशासाठी म्हणाला असता, पोटासाठी म्हणाला असता, तरी चाललं असतं. हे उत्तर थोरल्याला सोसलं नाही. मग बेचाळीसचा ऑगस्ट आला. नागपुरात गोळीबार झाले. महादेवजींच्या कमरेत गोळी बसली आणि त्याच अवस्थेत त्यांना तुरुंगात टाकलं. गोळी आतच राहिली. भाऊ तेव्हा त्याच सरकारच्या विमानात बसायचं शिक्षण घेत होता.

युद्ध संपल्यावर सर परत आले. त्यांना एका विमान कंपनीत नोकरी मिळत होती, कलकत्त्याला. उडायचीच. सामान बांधलेलं होतं. सासूबाई दारात आडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "त्याचा एक पाय गेला. दुसरा तू नेऊ नको." वडील वारले होते, लंगड्या माणसाला माग जेमतेम चालवता येत होता. सरांनी आईला शब्द दिला. वळकटी सोडली. पुढं शिक्षकी पत्करली.

"आणि युद्धात पदकं मिळाली म्हणतात, ती?" मी विचारलं.

"चार हायेत. सासूबाईनं देवघरापासी आणू देली नाही. मागच्या खोलीत, सुताच्या मोडक्या कांड्यायच्या डब्यात पडली हायेत."

मला तेव्हा वाटलं होतं, अडकलेत ते धकाते सर. नंतर येणंजाणं वाढलं तसं कळलं की महादेवजींचीही सुटका नव्हती. भावाशी बोलायचं नाही अशी शपथ घेतलेली, आणि ताटात येणारी भाकर त्याच्या पगारातली. ते जेवायला बसले की भिंतीकडे तोंड करून बसत.

एकाहत्तरच्या डिसेंबरात पुन्हा लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले, रेडिओभोवती गर्दी होऊ लागली. ज्या गल्लीनं सरांना इतकी वर्षं इंग्रजांचा माणूस म्हणून बाजूला ठेवलं होतं, तिला एकदम आपल्यात एक फौजी असल्याची आठवण झाली. पोट्टे त्यांना वाटेत सलाम ठोकायला लागले. मुख्याध्यापकांनी तर हुकूमच काढला: जवानांसाठी मदत गोळा करायला प्रभातफेरी निघेल, धकाते सरांनी पदकं लावून पुढं चालावं. सरांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मुख्याध्यापक म्हणाले, "लढणाऱ्या पोरांसाठी एवढंही करणार नाही?" मग ते तयार झाले.

त्या सकाळी मी आणि दोन शिक्षिका त्यांना घ्यायला गेलो. सर काळा कोट घालून मागच्या खोलीतून आले. छातीवर चार पदकं. एक सहा टोकांचा तारा, बर्मा आघाडीचा. दोन गोल. आणि सगळ्यांत आधी एक चांदीचा क्रॉस, जांभळ्या-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांच्या फितीला लटकलेला. महादेवजी मागावर होते. धोटा थांबला. इतक्या वर्षांत त्यांनी ती पदकं पाहिली नव्हती. ते बराच वेळ पाहत राहिले. 

शेवटी ते वहिनींना म्हणाले, "त्याले म्हण, पहिल्याची पिन सैल हाय. पडंल."

वहिनींनी पुढं होऊन पिन दाबून बसवली. धोटा पुन्हा सुरू झाला.

त्यानंतरच्या ऑगस्टात स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली. मुख्याध्यापकांना कल्पना सुचली की एकाच घरातले स्वातंत्र्यसैनिक आणि सैनिक, दोघांनाही व्यासपीठावर बसवावं. ते दोघं बोलत नाहीत हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगायला गेलेल्या मला त्यांनी अर्ध्यात थांबवलं. तर दोन भाऊ दोन खुर्च्यांवर बसले, सर पुन्हा पदकं लावून. मध्ये हारांचं तबक. वहिनी माझ्याशेजारी बायकांत.

सरांना आधी बोलायला उभं केलं. "शौर्याचा एखादा रोमांचक प्रसंग," असं मुख्याध्यापक म्हणाले. सर ध्वनिक्षेपकासमोर गेले. नेहमीच्याच आवाजात, वर्गात बोलावं तसं बोलले. मला ते जवळजवळ शब्दशः आठवतं.

"आमचं विमान दोन माणसायचं होतं. पुढं पायलट, मागं मी. त्या दिवशी बर्मातला एक पूल तोडाचा होता. सगळ्यायच्या पुढं आमचं विमान, म्हणून वाट शोधाचं काम माह्याकडे. ढग होते. मी नदीचं वळण धरून नेलं. ढग फाटला तं पूल बरोबर खाली. आमचे बॉम्ब पुलावर पडले. मागच्यायचे काही पलीकडच्या गावात पडले. ते माह्या भरोशावर आले होते. जागा मी दाखवली होती."



"वापस फिरलो अन् इंजिनाले गोळी लागली. फार दूर नाही जाता आलं. भाताच्या बांधीत पडलो. माहा पायलट तिथंच गेला. चांगला होता, गाणं म्हणे. माह्या डोक्यावरचं झाकण वाकलं, उघडे ना. मान पत्र्यात अडकली. खालून चिखल आत येऊन राहिला होता. आधी ओरडलो. मंग चूप झालो, काहून का ज्याले ऐकू जाईन तो दुश्मन. अन् हवा थोडी होती. सकाळी माणसं आली. हातात कोयते. मी समजलो, झालं आता. त्यायनं कोयत्यानं झाकण फोडलं, मान सोडवली, मले बाहेर काढलं. एका बाईनं पेज पाजली. तिच्या केसात राख होती. मी हातानं इचारलं, तुमचं गाव कोणतं? तिनं हात केला. पुलापलीकडे धूर निघून राहिला होता."

 सरांनी छातीवरचा क्रॉस बोटांनी उचलून धरला. 

"हे त्या पुलाचं हाय. त्या लोकायनं मले लपवलं, आपल्या फौजेपर्यंत पोचवलं. त्यायले कोणी काही देलं नाही. शौर्याचं म्हटलं तं मले एवढंच मालूम हाय."

आणि खाली बसले. कुणी टाळी वाजवली नाही. मुख्याध्यापक खाकरले आणि महादेवजींकडे वळले. महादेवजी काठीवर उठले, ध्वनिक्षेपकाशी आले. पांढऱ्या टोपीखाली त्यांचा चेहरा घामानं डबडबला होता.  मग म्हणाले, "मले काही बोलाचं नाही. राष्ट्रगीत घ्या."

बाहेर एकच सायकलरिक्षा मिळाली. महादेवजींना चालवत नव्हतं, त्यांना बसवलं. रिक्षावाला म्हणाला, अजून एक सवारी बसेल. वहिनींनी दिराला दंडाला धरून वर चढवलं आणि मला म्हणाल्या, "आपण पायी चालू." दोन भाऊ खांद्याला खांदा लावून, समोर बघत बसले. रस्ताभर मिरवणूक होती. रिक्षा चालायच्या वेगानंच जात होती आणि आम्ही दोघी चाकाशेजारी.

चौक ओलांडल्यावर महादेवजी समोर बघतच म्हणाले, "आत किती वेळ होता?"

सर दचकले. आणि सवयीनं त्यांनी उत्तर द्यायला वहिनींकडे अंग वळवलं.

वहिनी चालता चालता म्हणाल्या, "माह्याकडे काय पाहता? तुमाले इचारून राहिले ते."

सर म्हणाले, "सांजपासून सकाळपर्यंत."

"पाणी होतं?"

"चिखलाचं."

महादेवजींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मले कोठडीत पाणी देत होते," ते म्हणाले. "तेवढं बरं होतं."

 वहिनींनी पदर तोंडाला लावला होता आणि त्या माझ्या पुढं निघून गेल्या होत्या.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगता आलं असतं तर मला आवडलं असतं. तसं झालं नाही. दोघं बोलू लागले, पण त्यांच्याजवळ बोलायला फारसं काही नव्हतं. सुताचा भाव, पाणी आलं का, पेपरात काय आहे. कधी बिनसलं की पुन्हा "त्याले म्हण" सुरू व्हायचं. महादेवजी एवढं मात्र करू लागले, की जेवायला भिंतीकडे तोंड न करता भावाकडे तोंड करून बसू लागले. सरांनी हे मला दोन वेळा सांगितलं.

निवृत्तीच्या सुमाराला शिक्षकांच्या सोसायटीतून सरांना शहराच्या कडेला, नंदनवन नावाच्या नव्या वस्तीत एक प्लॉट मिळाला. तेव्हा तिथं घरं तुरळक होती. एका रविवारी सकाळी मला आणि वहिनींना त्यांनी तो दाखवायला नेलं. काळी माती, चार कोपऱ्यांना चार दगड, शेजारी कुणाची तरी उभी तूर. सर मधोमध उभे राहिले आणि सांगू लागले: इथं वहिनींचं स्वयंपाकघर, इथं दादाचा माग, इकडं बसायची जागा. "चारी बाजूनं दारं ठेवतो," म्हणाले. त्यांना इतकं बोलताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं. वहिनींनी मुठीत माती घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "जमीन चांगली हाय भाऊजी. पण ते येणार नाही."

महादेवजींनी नकार दिला, तोही शांतपणे. म्हणाले, "तू जा. मी इथूनच जाईन." तोवर त्यांची कंबर पूर्ण बसली होती. त्यांना उठवायला, बसवायला, धुवायला सरच होते. पाच-सहा वर्षं सरांनी ते केलं. शाळा सुटली होती. आता दिवसभर त्या खोलीत. मी जाई तेव्हा ते खाट आणि दार यांच्या मध्ये बसलेले असत, एक पाय उंबऱ्याबाहेर.

ब्याऐंशीत महादेवजी गेले. वहिनींनी तेरवी झाल्यावर दिराला माझ्यासमोरच सांगितलं, "आता तुम्ही नंदनवनात घर बांधा. मी येतो तुमच्यासंगं."

सर म्हणाले, "आता काय करू तिथं?"

"तुमाले मोकळं पायजे होतं ना?"

"पायजे होतं," सर म्हणाले. "आता जमत नाही वहिनी. प्लॉटवर जाऊन येतो कधीकधी. उभा राहतो. पण कुठं हाओ तेच समजत नाही." आणि आपलीच काही चूक झाल्यासारखे ओशाळून हसले.

दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, पहाटे ते अंगणातल्या खाटेवरच गेले. मी पोचले तेव्हा गल्ली माणसांनी भरली होती. आमचे जुने विद्यार्थी, आता मिशावाले बापये झालेले, भिंतींना चिकटून उभे होते. शेजारचे एक निवृत्त सुभेदार म्हणाले, पदकं लावायला पाहिजेत, मान आहे तो. वहिनींनी कांड्यांचा डबा आणला. तारा आणि दोन्ही गोल त्यांनी सुभेदारांच्या हातात दिले. क्रॉस परत डब्यात टाकला.

"हे राहू द्या," म्हणाल्या. "हे माहं नाही, म्हणत होते ते."

तिरडी निघाली. आम्ही बायका दारात उभ्या होतो. गल्लीच्या वळणावर ती अडली. तिथं सरळ वळत नाही; त्या गल्लीतल्या प्रत्येकाला तिथं एका अंगावर कलवून, भिंतीला घासतच न्यावं लागतं. महादेवजींनाही तसंच नेलं होतं. पुढचे ओरडले, तिरपं करा. मागच्यांनी खांदा खाली घेतला.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळे थांबले. "तिरपं करू नका त्यायले. वरून घ्या."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मग हात वर गेले. आणखी हात आले. तिरडी खांद्यांवरून डोक्यांवर आली, भिंतीच्या वर गेली, तिथं उन्हात सावकाश वळली आणि पलीकडे उतरली.